स्थानिक सुट्टी

यादी जूनमध्येच येते तालुक्याहून, शिक्का मारून.
मी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवते,
खडूचा डबा काढताना दिसावी म्हणून.
धूलिवंदन.
गुढीपाडवा, पुढे रविवार लिहिलेला,
म्हणजे गेलीच ती.
रमजान ईद, आणि खाली बारीक अक्षरांत:
चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो.
सरकारी कागदावर चंद्राला एवढी मुभा
मला दरवर्षी आवडते.

रामनवमी, महावीर, चौदा एप्रिल, गुड फ्रायडे.
पालखीचं नाव नाही.

माझ्या अधिकारात दोन सुट्ट्या होत्या.
मुख्याध्यापक मीच, शिक्षक मी, घंटाही मीच देते.
एक दिली नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी.
दुसरी भातकापणीत,
कारण कोणी आलंच नव्हतं
आणि बाकांची हजेरी घेता येत नाही.

मी औशाची. आमच्याकडे होळी एका रात्रीत विझते.
इथं शिमगा खाडीच्या पाण्यासारखा
चढत राहतो वाडीवाडीतून,
आज डिंगणकरांकडे, उद्या वरच्या भुवडांकडे,
देवीला रुपं लागलेली, ढोल कुठून येतोय
ते वाऱ्यावर.
पोरांचे ओठ काजू भाजून उतलेले.
पटावर चार नावं, आणि जिल्ह्याचं पत्र:
पटसंख्या कमी, समायोजन प्रस्तावित.

बुधवारी पालखी भंडारवाडीत.
हर्षद रेवाळे म्हणाला, बाई, उद्या शाला नाय ना?
मी म्हटलं, आहे.
त्यानं माझ्याकडे असं बघितलं
की जणू मी भरतीला उद्या ये म्हणाले.

बुधवारी चौघंही आली. नवे कपडे, दप्तरं तीच.
सातचा पाढा ढोलाच्या ठेक्यात बसत होता,
सात चोक अठ्ठावीसला संकासूर खिडकीत,
काळा, शेंड्याची टोपी हलवत,
आणि श्रवण बाकाखाली.
मग ढोल थांबला. आमच्याच दारात.

शाळेला मान नाही. मान घरांना असतो,
कोणानंतर कोण, हे भांडूनतंडून ठरलेलं.
पण अनाजी गुरव म्हणाले,
पोरां येत नाय तर देवी येईल.
पालखी पायरीवर टेकली,
जिथं आम्ही चपला काढतो.
मला ओटी भरायला काही नव्हतं.
पोषण आहाराचे तांदूळ होते. वहीत नोंद न करता
ओंजळभर घेतले.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं.
बा देवी म्हाराजा,
वाडीची चार पोरां हाईत
— व्हय म्हाराजा
त्यांना खाडीपल्याड धाडायचा कागुद आलाय
— व्हय म्हाराजा
होडी तरीत नाय, यष्टी येत नाय
— व्हय म्हाराजा
तो कागुद ज्या वाटंन आला त्या वाटंन जाऊ दे
— व्हय म्हाराजा!

सगळ्यांत मोठा आवाज झोया मुकादमचा.
पालखीच्या दिव्याला तेल तिच्या आजोबांचं,
तिच्या खापरपणज्यापासून.
खोबऱ्याचा तुकडा हातावर आला
तेव्हा तिनं तो कंपासपेटीत ठेवला,
कर्कटकाच्या शेजारी.
रोजा आहे बाई. मगरीबला खाईन.

पालखी उठली, खांद्यांवरून खांद्यांवर उसळली,
आंब्याखालून गेली,
दोन-चार बाळकैऱ्या पडल्या तिच्या मागे.

नंतर मी भेट नोंदवही उघडली.
विस्तार अधिकाऱ्यांचा शेरा गेल्या डिसेंबरचा:
भिंती रंगवाव्यात.
खाली तारीख घातली. उपस्थिती चार.
भेट देणाऱ्याचे नाव, पद
हे रकाने मोकळे ठेवले.
शेऱ्याच्या जागी वेदिकाचं बोट लागलं होतं,
गुलालाचं.
ते मी पुसलं नाही.

कागद अजून तरी आलेल्या वाटेनं गेलेला नाही.
ईद सोमवारी होईल की मंगळवारी,
तेही आज सांगता येत नाही.
संध्याकाळी जेटीवर माणसं
पश्चिमेकडे बघत उभी आहेत,
आणि त्यांच्यात, हातात टोपी घेऊन,
अनाजी गुरव.