कासवाला सूचना

उदगीरला, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत
खाली तूरडाळीची गिरणी, वर आमची कंपनी.
पाटीवरच्या इंग्रजी नावात
पेंटरनं एक अक्षर जास्तीचं घातलं
आणि ते पुसायचे वेगळे पैसे सांगितले.
राहू दिलं.

गिरणी सुरू झाली की फरशी थरथरते,
टेबलावरचा माऊस आपोआप सरकतो.
पोरं म्हणतात, मॅडम, भूत.
चार लॅपटॉप, अकरा पोरं,
आणि कीबोर्डच्या फटींत डाळीची पिवळी भुकटी,
जी मी दर शनिवारी जुन्या टूथब्रशनं काढते.

शिवलीलानं पहिल्याच आठवड्यात विचारलं,
बग म्हणजे अळी का, मॅडम?
मग फवारा की.
दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणलं तिनं,
जर फाटक उघडं असेल तर शेळी आत,
नसता बाहेर.
नसता.
हिंजवडीतल्या सहा वर्षांत
हा शब्द माझ्या तोंडातून कधी गळून पडला
मला कळलंही नव्हतं.

वैजनाथ जिन्यात उभा राहून फोन करतो,
रेंज फक्त पाचव्या पायरीवर.
हो सर, स्कोप आहे सर, लहान शहरांतच तर आहे सर.
पोरं त्याच्या काखेखालून वर येतात.

त्या दिवशी साडेपाचलाच वीज गेली.
मी खडूनं फरशीवर चौकटी आखल्या
आणि ख्वाजाला कासव केलं.
कासव स्वतःच्या मनानं काही करत नाही, सांगितलं,
तुम्ही म्हणाल तेवढंच.
दोन घरं पुढं. उजवीकडं वळ. पुढं. पुढं.
ख्वाजा भिंतीवर जाऊन आदळला
आणि तिथंच चालत राहिला, जागच्या जागी,
नाकाला चुना.
अरे, थांबायचं ना!
"रुको बोलेच नै ना कोई."

पोरं हसून लोळली.
मी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं,
एवढं नीट तर मलाही सांगता आलं नसतं.
मग महालिंगनं शेवटची सूचना दिली,
वीज येईस्तोवर चौकटीत उभा राहा.
तेवढ्यात पुण्याचा फोन आला
आणि मी जिन्यात धावले.

मॉडेल आवडलं म्हणाले.
तुमची तळमळ दिसते म्हणाले.
पुढच्या वर्षी बघू.
पाचव्या पायरीवर आम्ही दोघं बराच वेळ बसलो.
पोरं कडेकडेनं उतरून गेली.
वैजनाथनं भाडं काढलं, हप्ते काढले,
अकरांतल्या सातांची फी,
आणि आठवीची, जी दोन पायली डाळीच्या रूपात आली होती.
कुठं थांबायचं ते काही आलं नाही हिशोबात.

आठ वाजता ख्वाजाचा भाऊ आला,
मंडपाच्या दोऱ्या खांद्यावर तशाच.
मॅडम, हमारा छोटा?

वर अंधारात
तो चौकटीत उभा होता.
एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत,
रेघेला अंगठा न लावता.
"लाइट आयी क्या?"
नाही रे, म्हणाले.
जा घरी, म्हणायला हवं होतं.
मी चप्पल काढली
आणि शेजारच्या रिकाम्या चौकटीत जाऊन उभी राहिले.

पावणेनऊला फरशी थरथरली.