परिशिष्ट ब

वादी: दिल्लीची एक कॅसेट कंपनी.
प्रतिवादी: मोनू कुशवाह, वय एकोणीस,
राहणार हजीरा, ग्वाल्हेर. धंदा: काही नाही.
चतुर्वेदी वकील पान चघळत सांगतात, मी टाइप करतो.
पोरानं इंटरनेटवरून गोळा केलेली, जगाला वाटलेली गाणी
एकाखाली एक. चार हजार सहाशे अकरा.
मला पानामागे बारा रुपये.

वरातीतली, ट्रकवाल्यांची, देवीच्या जागरणाची,
आणि मध्येच, अनुक्रमांक दोनशे बारा:
'कमल जाडिगे, साइड टू'.

कमळजा डिगे. माझी आत्या.

एकच कॅसेट निघाली तिची, शहाऐंशी साली.
एकरकमी दोन हजार एक, वर सहा प्रती.
सही केली तेव्हा तिला वाटलं, पैसे मिळाल्याची पावती असेल.
पाच प्रती वाटल्या. सहावीला बुरशी आली.
ती गेल्यावर मी कंपनीला तीन पत्रं टाकली.
तिसऱ्याला उत्तर आलं: उपलब्ध नाही.
आज त्याच कंपनीसाठी लिहितोय,
सदर ध्वनिमुद्रणाच्या बेकायदा वाटपामुळे
वादीचे भरून न येणारे नुकसान झाले आहे.

आत्या म्हणायची, अरे, आपल्या गाण्याची सुरुवातच चोरीची.
दोघं पडद्यामागे बसून ऐकत राहिले,
आणि एके दिवशी दरबारात असे गायले
की ज्याचं होतं तो बघतच बसला.
सांगताना तिला हसू आवरायचं नाही.
पण शितोळ्यांची मुलगी पदराखाली टेपरेकॉर्डर घेऊन बसली
तेव्हा हिनं तिची कॅसेट काढली,
फीत ओढत राहिली, ओढत राहिली,
सतरंजीवर तपकिरी गुंता.
मी विचारलं, मग ते पडद्यामागचे?
म्हणाली, त्यांनी कानातून नेलं.
कानातलं गळ्यातून काढून दाखवावं लागतं, बाबा.

आणि मकबऱ्याजवळची ती चिंच.
आवाज गोड व्हावा म्हणून जो तो एकच पान तोडायचा.
एका पानानं काय होतंय.
आता आहे ते दुसरं झाड.
वकिलांना सांगितलं. वा, म्हणाले, युक्तिवादात घालू.
घातलं नाही.

रात्री नया बाजारातल्या माझ्या खोलीत
मी मोनूच्याच वाटेनं गेलो.
चुकलेलंच नाव टाकलं.
एक माणूस निघाला, कुठला देव जाणे.
त्याच्याकडे ती पूर्ण होती, माझ्याकडे शून्य टक्के.
तीन.
लाइट गेली. आली.
अकरा.
पहाटे कधीतरी सगळी उतरली.

आधी फितीची सूं सूं.
मग कुणाच्या तरी घरातला कुकर, तीन शिट्ट्या,
एक पोर ओरडतं, मम्मी, दूध निकल गया,
पावलांची धावपळ,
आणि या सगळ्याच्या पलीकडे आत्या,
विलंबित तिलवाड्यात, अजिबात घाई नाही.
समेच्या जरा आधी खोकते.
हा खोकला कंपनीच्या कॅसेटवरही होता.
पुन्हा गाते म्हणाली होती ती,
त्यांनी घड्याळ दाखवलं.
मी तो चार वेळा ऐकला.
गाणं पुढे जात होतं, मी मागे नेत होतो.

सकाळी यादी पुरी करून दिली.
दोनशे बारा ठेवला, कापला नाही.
फक्त नाव नीट लिहिलं, ळ-सकट.
उद्या मोनूचा वकील म्हणेल,
असं नाव आमच्या अशिलाकडे नाहीच.
म्हणू दे.

घरी मशीन चालूच ठेवून आलोय.
निघताना पाहिलं, वर जाणारा बाण हलत होता,
कुणीतरी तिला माझ्याकडून नेत होतं.
अठ्ठावीस टक्के,
आणि आमच्या लाइटचा काही भरवसा नाही.