पोले पोले

तीन महिने मी पावागडच्या पायऱ्या चढले,
पाठीवरच्या पिशवीत पाच किलो गहू,
रविवारी सहा.
येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, नवस असेल.
मीही नाही म्हटलं नाही.

दांडिया बाजारातल्या आमच्या इमारतीत
खालच्या मजल्यावर धनसुखभाई. जन्म जिंजाचा.
बहात्तर साली नव्वद दिवसांची मुदत, माणशी एक बॅग,
आणि मग बडोदं.
गोरिला पाहिलात कधी, मी विचारलं.
"अमे तो दुकान जोई, बेन."
कापडाचं दुकान, मागे गोदाम, गोदामामागे भिंत.
जंगल त्या भिंतीच्या पलीकडच्या पलीकडे.

जाताना एक शब्द दिला त्यांनी, शिदोरीसारखा बांधून:
पोले.
एकदा म्हटला तर, वाईट वाटलं हो.
दोनदा म्हटला तर, सावकाश.

तिथे दोन्ही लागले.
मोज्यांत खोचलेली पँट, तरी आत मुंग्या.
खाजकुइलीची मावशी शोभतील अशी पानं.
कोयत्यानं वाट उघडायची
आणि मागे वळून पाहावं तर ती मिटलेली.
चिखलात बूट राहिला, पाय पुढे गेला.
सामान वाहणारी पोर, नाव इमॅक्युलेट,
कोपरापर्यंत हात घालून तिनं बूट उपसला,
म्हणाली, पोले.
एकदा की दोनदा, मी विचारलं.
ती नुसती हसली.

मग वाटाड्या थांबला आणि खाकरला.
माझे वडील असेच खाकरत स्वयंपाकघराशी यायचे,
आत बायका बसल्या असतील, कळावं म्हणून.
झाडोऱ्यातून उत्तर आलं.
तसंच.

एकच तास मिळतो. तोंडावर मास्क,
कारण आपली साधी सर्दी त्यांचा जीव घेऊ शकते.
पाठ पिकलेला तो बसला होता,
कोवळा देठ सोलत, शेवग्याची शेंग चोखावी तसा,
कसलीच घाई नसलेला.
एकदा पाहिलं त्यानं माझ्याकडे.
मला वाटलं होतं, रडू येईल.
आलं नाही. कुणाचं तरी पोट गुरगुरलं,
त्याचं किंवा माझं.
मग त्यानं पाठ फिरवली,
पाहुणे गेल्यावर दार लोटावं तशी.
पाहुणे अजून उभेच.

परतल्यावर धनसुखभाईंना फोटो दाखवले.
गोरिलावरून ते भराभर पुढे गेले.
जीपच्या काचेतून काढलेला एक हललेला फोटो,
तो दोन बोटांनी ताणला, ताणला,
निळं शटर, अर्धी पाटी, सायकलवर केळ्यांचे घड.
"जिंजाला गेलात?"
वेळ नव्हता, मी म्हटलं.
हं, म्हणाले. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळानं मागे गेले,
त्या पाठमोऱ्या फोटोवर थांबले.
"याला अजून कुणी
नव्वद दिवस दिले नाहीत ना?"

पोले, मी म्हटलं.
एकदाच.