पडद्यावर एक

बंदरापासून चर्चपर्यंतचा चढ
मुत्रिकूत कुणी मोजत नाही,
नुसता चढतात.
माझं दुकान त्याच्या मधोमध,
जिथे दम लागतो नेमकं तिथे,
म्हणून धंदा बरा चालतो.

एउस्ताकिओ आला तो मार्चमधला सोमवार.
ट्यूनाच्या बोटीवर अडतीस वर्षं
इंजिन सांभाळलेला माणूस,
तळव्याच्या रेषांत अजून काळं ग्रीस.
सायकल भिंतीला टेकवली, म्हणाला,
ओइआना, दार लाव.

मी दार लावलं.

केबल जोडली, लॅपटॉप उघडला.
पाच पातळ्या, पाच पट्ट्या.
पहिलीत तुमच्या शंभराला मोटरचे चाळीस,
पाचवीत तुमच्या शंभराला मोटरचे तीनशे.
पेडलच्या दांड्यात एक सेन्सर असतो,
पाऊल किती जोरात पडलं
ते तो क्षणोक्षणी जोखतो
आणि मोटरखेरीज कुणाला सांगत नाही.

रोलरवर चढवून त्याला पाय मारायला लावले.
उजवा ठीक.
डावा...
मी आकडा पुन्हा पाहिला.
तो खिडकीबाहेर बघत होता,
दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट आल्यासारखा.

"गार्बिन्ये रोज विचारते, कितीवर चढलास?
मी सांगतो, एकवर.
तिला पटत नाही, पडद्यात डोकावते.
तेव्हा असं कर,
आकडा एकच राहू दे,
जोर चारचा दे."

म्हटलं, मग दोन आणि तीन एकपेक्षा कमी पडतील.
म्हणाला, एकच्या वर जायचंय कुणाला?

पहिल्या पट्टीत मी दोनशे चाळीस भरले.
सुटतानाचा झटका कमी केला,
नाहीतर सायकल आधी निघते
आणि माणूस मागाहून.
पाय ढिला पडला तरी
मोटरनं लगेच सोडू नये, पाऊण सेकंद धरावं,
हेही लिहिलं.
ते त्यानं मागितलं नव्हतं.

पैसे मी घेतले नाहीत.
दुसऱ्या दिवशी काउंटरवर
बोनितोचे सहा डबे.

दोन उन्हाळे तो चढला.
दुकानासमोरून जाताना एक बोट वर करायचा.
लोकांना वाटे, रामराम करतोय.

आज गार्बिन्ये सायकल ढकलत आली.
सीट अजून त्याच्या उंचीची,
हँडलला त्याची पावसाळी टोपी अडकवलेली.
मी सीट चार बोटं खाली घेतली,
टोपीला हात लावला नाही.
केबल काढली, म्हटलं,
कंपनीचं मूळ सेटिंग टाकते,
मग तुमच्या पायाला बेतून देते.

"पहिलीला हात लावू नकोस."

मी गप्प.

"एकवर चालवणाऱ्याची बॅटरी किती दिवस पुरते गं?"
म्हटलं, आठवडा. जपून चालवली तर जास्तच.
"आमची रोज रात्री मी लावायचे.
प्लग स्वयंपाकघरात आहे,
त्याला वाटायचं, मला भांड्यांच्या आवाजात
चार्जरचा आवाज येत नाही."

मग पडद्यात डोकावली, सवयीनं.
"दोन त्यानं कधी लावलाच नाही ना?"
नाही.
"मग मी दोनवर जाते."
म्हटलं, दोनला जोर कमी आहे, एकपेक्षा कितीतरी.
"असू दे. माझे पाय धडधाकट आहेत."

गेली.
मी दारात उभी, हातात केबल तशीच.
दगडी हौदापर्यंत बरी गेली,
पुढे हँडल डगमगायला लागलं,
मासळीची गाडी मागे थांबली, हॉर्न न वाजवता.
एक पाय जमिनीला टेकला तिनं.
टोपी सरळ केली.
मग अंगठा
उणेच्या बटणावर.

आकडा उतरला असेल.
ती चढली.