अपेक्षित आयुर्मान

रविवारी ओजसने एक्सेलमध्ये तक्ता करून दिला.
"आत्या, पिवळ्या घरांत फक्त आकडे भर,
बाकीचं आपोआप येतं."
भरले:
पेन्शन, खात्याने दिलेल्या रकमेतलं उरलंसुरलं, पोस्टाचं व्याज,
नेरुळच्या घराचा मेंटेनन्स, गॅस, थायरॉइडच्या गोळ्या.
महागाई सहा टक्के धर म्हणाला. धरली.
शेवटी एक घर उरलं, अपेक्षित आयुर्मान.
तिथे कर्सर लुकलुकत राहिला
आणि ओजस पाणी प्यायला उठला.

बाबा एकसष्टाव्या वर्षी गेले.
त्यांचं वय घातलं तर मी श्रीमंत आहे,
महिन्याआड केरळला जाऊन येईन.
आई एक्याण्णवाव्या वर्षी, दात स्वतःचे.
तिचं घातलं तर
चौऱ्याऐंशीच्या पुढचे सगळे रकाने लाल.
जन्मभर ऐकत आले, आईच्या वळणावर गेलीय हो पोरगी.
ते एवढं महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
मी लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या:
लाइन डेड आहे, खरखर येते, भलत्याच घरी लागतो.
बावन्नाव्या वर्षी साहेबांनी कागद पुढे सरकवला,
त्यावर 'स्वेच्छा' असा शब्द होता.
मार्सेलिन म्हणाली, घेऊन टाक, पुढे हेही मिळायचं नाही.
दोघींनी एकाच पेनाने सह्या केल्या.
पेन तिचं होतं, माझ्याकडेच राहिलं.

तेव्हापासून कळलंय,
सकाळी अकराला माझ्या ओट्यावर ऊन येतं.
चौदा वर्षं या घरात राहून माहीत नव्हतं.
रविवारचं ऊन वेगळं, त्याला माणसांची सवय असते.
हे बुधवारचं,
मला पाहून जरा दचकतं.

मजल्यावरची सगळी पार्सलं आता माझ्याकडे.
तुम्ही घरीच असता ना.
तीनशे दोनची किल्ली, तीनशे चारची तुळस,
आणि सेक्रेटरींचं, ताई, खजिनदार तुम्हीच व्हा.

रविवारी तक्ता, मंगळवारी दादाचा फोन:
ओजसचं उलव्याला बुकिंग करायचंय,
तुझे तर नुसते पडूनच आहेत.
पडून नाहीत, दादा.
उभे आहेत रांगेत, एकेक महिन्याचं नाव घेऊन,
सगळ्यात मागचा अजून मलाही दिसत नाही.
पण असं काही मी बोलले नाही.
म्हटलं, बघते.
फोन ठेवला. भाताची शिटी होऊ दिली.
पुन्हा लावला आणि म्हटलं,
बघत नाही रे. नाही म्हणते.

दिवाळ्याच्या बाजारात धाकलीबाय विचारते,
"काय गो बाय, आज कामाव नाय गेलीस?"
तीन वर्षं झाली, दर वेळी विचारते.
मी पापलेटाकडे बघते,
ती माझ्या बघण्याकडे बघते
आणि न बोलता मांदेलीचा वाटा पुढे सारते.
विचारलं, तू किती वर्षं बसणार अशी?
"गुडघं हान तवर,"
म्हणाली, आणि पाटीवर पाणी मारलं.

रात्री त्या घरात शहाऐंशी लिहिलं.
बाबांपेक्षा पंचवीस जास्त, आईपेक्षा पाच कमी,
तेवढी तिची अदब.
शेवटची दोन वर्षं लाल आली.
येऊ देत. तेव्हा मांदेली खाईन.

तक्त्याला कुलूप घातलं.
पासवर्ड:
आईचे शेवटपर्यंत शाबूत राहिलेले दात, आकड्यात.

येत्या शुक्रवारी पापलेट. मध्यम, एकच.
'इतर' या रकान्यात.