काळीज काढतो

आरशासमोर आठवडाभर घोकलं:
मी करते, मी जाते, मी शिकते.
निंबाळकर बाईंनी बजावलं होतं,
“तिथं करतो-जातो म्हणालीस
तर दारातच गावठी ठरशील.”
आमच्या गल्लीत पोरी ‘येतो गं’ म्हणूनच निघतात,
थोरली आत्या सासरीसुद्धा ‘जातो’ म्हणूनच गेली.

अर्जात वडिलांचा व्यवसाय: व्यापार.
लिहिताना पेन जरा अडलं,
मग शाईवर उगाच फुंकर मारली.

सकाळी मिरजकर तिकटीला केएमटीची वाट बघताना
हात हुंगून पाहिले. लिंबू चोळलं होतं,
मग पावडर, मग वहिनीचं अत्तर.
तरी वास होताच,
किंवा मलाच तो येत होता.

आत पाच जण. मधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या कानात यंत्र.
कुणाच्या तरी चहावर साय धरलेली.
डॉक्टर का व्हायचंय?
म्हटलं, सेवा.
कुणी काही लिहून घेतलं नाही.
सकाळपासून हा शब्द त्या टेबलावर
विसाव्यांदा तरी पडला असणार.

“व्यापार कसला?” यंत्रवाले.
खिडकीबाहेर माळी पाइपानं हिरवळ भिजवत होता,
त्याच जागी, कितीतरी वेळ.
“मटणाचा, सर. कोतमिरे. शनिवार पेठेत.”
खुर्च्या जरा करकरल्या.
टायवाले म्हणाले, “अरे, ती रविवारची रांग!
आमचा ड्रायव्हर तिथूनच आणतो.”
सगळे हसले.
मीही हसले. नीट, व्याकरणशुद्ध हसले.

“मग रक्ताची भीती नसेल तुला.”
पुन्हा हसले. या वेळी तेच.

“दुकानात तू स्वतः काय करतेस?”
“काळीज काढतो, सर.”

निसटलं.
निंबाळकर बाईंनी कुठंतरी डोळे मिटून घेतले असतील.
पण शब्द पडला होता, उचलता येईना,
म्हणून तसाच पुढं गेलो.
“कवितेतलं नव्हे, सर. ते डावीकडं असतंय म्हणे.
आमचं उजवीकडं, बरगडीखाली.
त्याला पित्ताची पिशवी चिकटलेली, बोटभर, हिरवी.
ती आधी सोडवायची. सुरीनं न्हाई, बोटानं.
फुटली की सगळं काळीज कडू,
आणि गिऱ्हाईक परत येत न्हाई.
अण्णांनी शिकवलं, दहा वर्षांची असताना.
पहिली तीन फोडलो.
रात्री घरात सगळ्यांनी तेच खाल्लं,
कुणी काही बोललं न्हाई.”

टायवाल्यांनी घड्याळ बघितलं.
म्हाताऱ्या डॉक्टरांनी कानातलं यंत्र जरा फिरवलं.
“पुन्हा सांग. बोटानं, कशी?”
मी हवेत दाखवलो.
अंगठा असा, पहिलं बोट मागनं, ओढायचं न्हाई,
नुसतं सोडायचं.
त्यांनी तसंच करून बघितलं, टेबलावर,
कागदांच्या वर.
त्यांची बोटं थरथरत होती.
माझी न्हवती.
मग घंटी वाजली.

बाहेर बाकावरच्या पोराचे बूट इतके नवे
की तो पाय टेकवत नव्हता.
“काय विचारतात?”
त्याला काय सांगणार?
म्हणालो, “घरचं विचारतात.”

तिसऱ्या प्रहरी दुकान धुऊन झालेलं.
अण्णा ओंडक्यावर मीठ घासत होते.
“काय इचारलं?”
“तुमचं काम.”
हात थांबला.
“मग?”
“सांगितलो.”
“कुठलं?”
“काळजाचं. पित्त कसं सोडवायचं ते.”
बराच वेळ मीठच घासत राहिले,
ओंडक्याच्या त्याच एका खाचेत.
“यादी कवा लागती?”
“सोमवारी.”
“सोमवारी बंदच असतंय दुकान.
येतो की मी. फाटकाबाहीर थांबतो.”

“बाहीर कशाला,” म्हणालो,
“फळा आत हाय.”