दुमड

खानापुरात स्टेशन रोडच्या बोळात
शिंत्रे टेलर माप कन्नडात बोलतो
आणि वहीत मराठीत लिहितो.
"मूवत्तेळु," टेप सोडत म्हणायचा. वहीत ३७.

दर जूनला भरमाची शाळेची पँट यायची
आतून तीन बोटं दुमडलेली.
"वाढतंय पोर, ठेवा की आत," आई म्हणायची.
पुढच्या जूनला ती दुमड उसवायची
आणि एका पायात दोन निळे दिसायचे:
वर विटलेला, खाली कोरा.
नववीत तशा दोन रेघा होत्या,
मलप्रभेच्या पुलाखाली
पुराच्या असतात तशा.

मग बेळगावला, भरतीत,
खांबावरची पट्टी खाली येत येत
डोक्याच्या वरच थांबली.
दोन बोटं.

त्यानंतर तो फणसाला लोंबकळायचा.
कुणी सांगितलं, सकाळी माणूस थोडा जास्त असतो,
दिवसभरात बसतो.
म्हणून उजाडायच्या आत मला उठवायचा,
"अक्का, पेन्सिल आडवी धर."
मी धरायची.
एकदोनदा जरा वर धरली, हे त्याला माहीत नाही.
चौकटीवरची रेघ वर सरकेना,
नुसती जाड होत गेली.

डॉक्टरनं मनगटाचा फोटो उजेडाला लावला.
इथं फट असते, म्हणाले. मिटली.
"कधी?"
ते कोण सांगणार.

मला कुणी मोजलं नव्हतं.
तेराव्या वर्षी आईच्या चपला मला झाल्या,
दोघींत एकच जोड पुरू लागला,
एवढंच.

कौलांच्या कारखान्यात लागला तेव्हा
नवी पँट टाकायला आम्ही तिघं गेलो.
शिंत्रेनं वही उघडली.
तीन जून एकाखाली एक: ३९, ३९, ३९.
त्याला आमच्या आधीच कळलं होतं,
बोलला नव्हता.
सवयीनं आईकडं बघितलं, आत किती ठेवू?
आई भिंतीवरच्या कॅलेंडरचे कन्नड आकडे वाचत राहिली,
तिला वाचता येत नाहीत.
"काही नको," भरमाच म्हणाला,
"नुसती शिवण मारा."

शिंत्रेनं उरलेलं कापड
पँटच्या घडीत घालून परत दिलं.
तीन बोटं रुंद, नवंकोरं.
भरमा त्यानं सायकल पुसतो.